बीप वाजली की चालायचं

पहिल्याच किलोमीटरला तो मला आडवा आला. म्हणजे झालं असं, की माझ्या पुढे धावता धावता त्याच्या मनगटावरचं घड्याळ बीप करून वाजलं आणि हा पठ्ठ्या चक्क चालायला लागला! मी त्याच्या पाठीवर आदळता आदळता वाचले.

"अहो, शर्यत आहे ही, शतपावली नाही!"

"सॉरी हं… चालायच्या आधी मागच्यांना कळावं म्हणून हात वर करायला विसरलो," म्हणत तो हसत बाजूला झाला.

मी शिंप्याची पोर. टीप मारायची ती एका दमात, मध्ये पाय थांबला की शिलाई वाकडी, हे बाबांनी लहानपणीच डोक्यात भरलेलं. धावण्यातही माझं तेच. एकच वेग, चालायचं नाव नाही! या हट्टापायी ही एकवीस किलोमीटरची शर्यत मी दोनदा अर्धवट सोडली होती आणि दोनदा रडत घरी गेले होते. यंदा बाबा दुकान बंद ठेवून शेवटच्या कमानीपाशी उभे राहणार होते. काहीही झालं तरी कमान गाठायचीच होती.

पण हा प्राणी काही पाठ सोडेना. तो चालला की मी पुढे. जरा वेळाने कानाशी पावलं वाजायची, "पुन्हा मीच हं!" असं ऐकू यायचं, आणि तो पुढे. मग बीप, वर्गातल्या शहाण्या मुलासारखा हात वर, आणि मी पुन्हा पुढे.

"दमलात वाटतं?" मी खवचटपणे विचारलं.

"छे! दमायच्या आधीच चालायचं, तीच तर गंमत आहे. मी दातांचा डॉक्टर. पेशंट कळवळेपर्यंत थांबलोच नाही, तर तो पुन्हा तोंड उघडेल का?"

मला हसू फुटलं. धावताना हसू नये, पोटात कळ येते. आलीच!

रस्त्याकडेची माणसं त्याला "अहो, पळा की!" म्हणून चिडवत होती. तो खुशाल हात हलवून, "पळतो, पळतो, घाई काय आहे!" म्हणायचा. लाज कशी ती नाहीच. मला तर चार माणसांत बुटाची नाडी बांधायलाही लाज वाटते. मनातल्या मनात म्हटलं, काय माणूस आहे हा!

सतराव्या किलोमीटरचा चढ आला आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. दोन्ही वर्षं मी इथेच संपले होते. डोळे भरून आले… आणि शेजारी बीप वाजली.

"चला," तो म्हणाला.

"मी चालत नाही."

"माहितीये. पण चालणं म्हणजे सोडणं नव्हे हो. पुढच्या बीपपर्यंत चाला. नाही जमलं, तर खुशाल सोडा."

माझ्या डोळ्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, समोर रस्त्याकडेच बघत राहिला. त्या क्षणी तो मला फार आवडला. मी चालले. पाय सैल झाले. बीप वाजली, धावले. पुन्हा चालले, पुन्हा धावले. चालता चालता, कमानीपाशी बाबा वाट बघतायत, हेही त्याला सांगून टाकलं.

"माझ्यापायी तुमचा वेळ जातोय," मी म्हटलं.

"जाऊ दे की. इतका छान कुठे जातो एरवी?"

शेवटी कमान दिसली. टाचा उंचावून उभे असलेले बाबा दिसले, गळ्यात मापाची टेप तशीच! सगळे जिवाच्या आकांताने पळत सुटले होते. आणि नेमकी तेव्हाच चालायची बीप वाजली.

त्याने कमानीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू पळ," तो हळूच म्हणाला. 'तू'… पहिल्यांदाच. "बाबा वाट बघतायत. मी येतो मागून."

पायांत दम होता. एका दमात गेले असते.

मी हात वर केला. मागचे लोक बाजूला झाले, आणि आम्ही दोघं रमतगमत चालत कमानीखालून गेलो. बाबा आधी रडले, मग म्हणाले, "काय गं, शेवटी चाललीस?"

"हो बाबा. चालले."

तेवढ्यात त्याचं घड्याळ पुन्हा वाजलं.

"आता पळायचं असतं," तो म्हणाला.

"तू पळ," मी म्हटलं. "मला तू आवडलायस. मी नाही आता कुठे जात."

त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.