बोट ठेवलेला नकाशा

सगळ्या आकाशगंगेचा नकाशा जवळ असताना कोणी रस्ता चुकेल का? फुंबा चुकला. बहिणीच्या लग्नाला निघालेला हा परग्रहवासी थेट सांगोल्याच्या माळावर, केतकीआत्याच्या प्रयोगशाळेच्या दारात उतरला. मी तिथेच डाळिंब सोलत बसलो होतो, म्हणून तर छातीठोक सांगतोय.

"अक्षता संध्याकाळी आहेत," फुंबा रडवेला झाला. आपल्या रेडिओच्या लहरी अवकाशात भटकतात ना, त्या ऐकून तो मराठी शिकलेला. "नवरीच्या भावानेच नवऱ्याचा कान पिळायचा असतो. मी नसलो तर कोण पिळणार?"

आत्याने यानाचा पडदा तपासला. एका ताऱ्यावर बोट टेकवताच त्याची माहिती पडदाभर पसरली आणि नकाशा गडप. मागे फिरलं, तर नकाशा पुन्हा पहिल्या ताऱ्यापासून सुरू.

"दर वेळी हेच," फुंबा म्हणाला. "माहिती कळते, पण मी होतो कुठे ते विसरतो."

आत्याची भाची शर्वरी शेजारी गोष्टीचं पुस्तक वाचत होती. अडलेल्या शब्दाचा अर्थ ती शेवटच्या पानावर शोधत होती आणि तिचं एक बोट मधल्या पानात होतं.

"बोट अडकलंय का गं?" फुंबाने विचारलं.

"नाही रे, मुद्दाम ठेवलंय. नाहीतर पान हरवेल." बोलता बोलता शर्वरी थबकली. "आत्या, याच्या नकाशालाही असं बोट देता येईल?"

"देऊ की. याला संदर्भ (आपण कुठे आहोत आणि कशासाठी, याचं भान) राखणं म्हणतात."

आत्याने पडद्याची रचना बदलली. आता तारा दाबला की कडेला एक छोटी चौकट उघडायची. आधी थोडक्यात माहिती. 'आणखी' दाबलं तरच सविस्तर. नकाशा जरा फिकट व्हायचा, पण जायचा नाही. त्यावर फुंबाची वाट लुकलुकत राहायची. चौकट मिटली की सगळं जागच्या जागी.

फुंबाने वाटेतला तारा दाबला. "पुढे उल्कांचा (अवकाशातून सुसाट येणाऱ्या दगडांचा) मारा," त्याने वाचलं. मग 'आणखी' दाबलं. "डावीकडून रस्ता मोकळा." वाट समोरच दिसत होती, त्याने तिला तिथल्या तिथे वळण दिलं.

"अरेच्चा, मी अजून इथेच आहे की," तो हसला आणि भुर्रकन निघाला.

आत्याने यानाचा नकाशा प्रयोगशाळेतल्या आपल्या पडद्यालाही जोडून घेतला होता. शर्वरी तोच पाहत बसली. संध्याकाळी फुंबाचा ठिपका एका ग्रहाजवळ थांबला. तिने त्यावर बोट टेकवलं. कडेला चौकट उघडली: "वेळेवर पोचलो. नवऱ्याला सात कान निघाले. सातही पिळले."

मागे सारी आकाशगंगा तशीच होती, कोपऱ्यात आपली पृथ्वीही. शर्वरीने पृथ्वीपासून त्या ठिपक्यापर्यंत बोटानेच एक वाट आखून पाहिली. तिला ती काही फार लांब वाटली नाही.