कुबातच्या नावाखालचा ठिपका

ज्याला खोटं वाटतं, त्याने आमच्या नारीन गावाला यावं आणि ते पान स्वतः उघडून बघावं. माझी मावसबहीण पेरिझात थापा मारणाऱ्यातली नाही. तिला चेष्टेतलं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

हिवाळ्यातला गुरुवार होता. नुकताच दिवस मावळला होता.

आमच्या कुळाची वंशावळ आता इंटरनेटवर, विकीच्या एका पानावर आहे. पेरिझातच ती सांभाळते. ठिपका, त्यापुढे बापाचं नाव. खालच्या ओळीत एक पायरी आत ठिपका, तिथे मुलाचं.

तिचा भाऊ कुबात वसंतात घोडा घेऊन खिंडीपलीकडे गेला होता.

घोडा परत आला. कुबात आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने जेवण होतं. कुळातले वडीलधारे तोक्तोसुनकाका सकाळपासून पेरिझातच्या मागे लागले होते.

"पोरी, त्याच्यापुढे मृत्यूचं साल टाक आणि ओळ संपव. उद्या सगळे पान बघतील."

आत मावशी रोट्या तळायला बसली होती. मेलेल्यांना वास पोचावा म्हणून आमच्याकडे गुरुवारी तळतात. कुबातसाठी मात्र तिने आजवर कढई चढवली नव्हती. आज पहिल्यांदाच चढवली.

"चूल विझली गं माझ्या पोराची," ती आतूनच म्हणाली. "त्याचं नाव सांगणारं कोणी उरलं नाही."

पेरिझातला रडू फुटलं. तसंच तिने साल टाकलं आणि पान जतन केलं.

नावाखाली एक ठिपका आला...

रिकामा. एक पायरी आत.

ती वैतागली. पान जसं दिसतं तसंच त्यात लिहू देणाऱ्या विकीच्या त्या खिडकीचे नखरे तिला नवे नव्हते. कधी भलतीकडे जागा सुटते, कधी ओळ करड्या चौकटीत जाऊन बसते. तिने ठिपका खोडला.

तो परत आला.

"संगणक आहे की खेचर?" काका म्हणाले.

"काका, कधी कधी ओळ आपोआप येते."

"मग आपोआप जाऊ दे की."

तिने पानाचा मूळ कोड उघडला.

तिथे ठिपका नव्हताच...

पुन्हा पान बघितलं. होता.

तेवढ्यात आतून हाक आली. "पेरिझात... तुला वास येतोय का गं?"

तेल चुरचुरत होतं. रोट्या फुगत होत्या. पण घरात वास नव्हता. जरासुद्धा नव्हता.

बाहेर कुबातचा घोडा खिंकाळला. कुत्रं मात्र भुंकलं नाही.

मग दारावर थाप पडली.

दारात एक तरुण बाई उभी होती. शालीत गुंडाळलेलं तान्हं मूल छातीशी धरलेलं.

"कुबातचं घर हेच का? मी नाझगुल. आमचा निकाह झाला होता. तेच घरी सांगायला तो निघाला होता."

काकांनी तिला आत घेतलं.

"इतके महिने कुठे होतीस?" मावशीने चुलीपासून उठून येत विचारलं.

"माहेरचे सोडत नव्हते. आज दुपारपासून घरभर तळलेल्या रोट्यांचा वास सुटला. आमच्याकडे कोणी तळलंच नव्हतं. मला वाटलं, बोलावणं आलंय."

मावशीची कढई संध्याकाळी चढली होती. पेरिझातला ते चांगलं ठाऊक होतं.

मावशीने मूल घेतलं आणि त्याचं तोंड बघून हमसून हमसून रडली. तिच्या पोराचा वंश उरला होता. पेरिझातने रिकाम्या ठिपक्यापुढे मुलाचं नाव लिहिलं : बेकनझार.

या वेळी पान पहिल्याच फटक्यात नीट बसलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. नाझगुल तिथेच राहते. कुबातचं प्रेत अजून सापडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पेरिझातने काहीतरी दुरुस्त करायला पान उघडलं...

बेकनझारच्या खाली, त्याच पायरीवर, भावंडाच्या जागी आणखी एक ठिपका.

रिकामा.

तिने खोडला. तो परत आला. तेव्हापासून ती त्या पानाला हात लावत नाही. मावशीनेही गुरुवारी दाराला कडी लावणं सोडलंय. कारण विचारलं की विषय बदलते.

काल गुरुवारी मी तिथेच होतो. मावशी रोट्या तळत होती. नाझगुल एकाएकी तोंडाला रुमाल लावून उठली. वासाने मळमळतंय म्हणाली आणि अंगणात धावली.

मला कसलाच वास आला नाही.