उघाडीच्या फळ्या

बेलापूरला आमच्या सोसायटीसमोर गोल उद्यान आहे. त्याच्या मधोमध समुद्राचं दार आहे. समुद्र मैलभर लांब.

गावकरी त्याला उघाडी म्हणत. पूर्वी इथं भातशेती होती. भरतीला त्या दगडी खाचेत फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या. आत आलेलं पाणी निघून जाई. नव्वदच्या सुमारास भराव पडून आमची सोसायटी उभी राहिली. उघाडी पाडायची की जपायची, यावर बैठका झाल्या, बटाटेवडे झाले आणि तोडगा निघाला: दगड उद्यानात, फळ्या सरकारी ऑफिसात, काचेच्या कपाटात.

तोडगा केयूरचा. तळमजल्यावरचा आर्किटेक्ट, जुन्याचा भक्त.

"म्हणजे दार उघडंच," मी म्हणालो. "समुद्राला सांगा, बेल वाजवून ये."

सगळे हसले. मासळीवाली बाळाबाई हसली नाही. "दर्याला बेल कशाला व्हवी, दादा?"

केयूरच्या आई, मालतीबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. एका सकाळी म्हणाल्या, "पाय भिजले रे." लादी कोरडी होती. दुपारी म्हणाल्या, "उतरलं." दुसऱ्या दिवशी गुडघे. मग कंबर. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.

आम्ही त्यांची खाट तिसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे आणली.

"पाणीही आलं बरोबर," त्या म्हणाल्या.

केयूर फळ्या मागायला ऑफिसात गेला. साहेब समजुतीनं बोलले, "अहो, वारसा वापरायचा नसतो."

परवानगी मिळाली त्या दिवशी मालतीबाई हनुवटी वर करून बोलत होत्या. केयूरनं भरदुपारी टेम्पोतून फळ्या आणल्या. आम्ही दोघांनी त्या खाचेत सोडल्या. खाली वाळकं गवत होतं. तरी काहीतरी बंद झाल्यासारखा आवाज आला.

वर आलो.

"थांबलं," मालतीबाई म्हणाल्या. केयूर खाटेशेजारी बसून रडला.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चढत नाही रे. पण उतरतही नाही."

केयूरनं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. फळ्या टाकल्या तेव्हा भरती होती. पाणी आतच होतं.

आम्ही धावत खाली गेलो. फळ्या हलेनात. कोरड्या गवतात उभ्या असलेल्या त्या फळ्या फुगून खाचेत घट्ट बसल्या होत्या.

केयूर पहार शोधायला गेला. मी वर आलो.

वीज गेली होती. खिडक्या बंद, पंखा बंद. वर धरून धरून थकलेली हनुवटी आता खाली आली होती. मालतीबाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, आवाज आला नाही.

त्यांचे पांढरे केस उशीला टेकले नव्हते. वर पसरून, सावकाश हलत होते.