शेजारी उत्तर देत नाही

काम तसं किरकोळ होतं. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचा प्रोग्रॅम नव्या कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या डब्यात, हलवायचा होता. आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात चालतो आणि त्याच डब्यात, अगदी शेजारी, एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो शेजाऱ्याला सारखं विचारतो, "आहेस का?" तीनदा उत्तर आलं नाही, की शेजाऱ्याला बंद करून त्याच्या जागी हुबेहूब तसाच नवा सुरू करतो. हलवाहलवीत तो उगाच बोंब मारतो म्हणून मी त्याला गप्प केलं. पुन्हा बोलतं करायला मात्र विसरलो.

सकाळी प्रोग्रॅम अडकला आणि कुणाला कळलंच नाही. रक्त पोहोचायला उशीर झाला. रुग्ण वाचला, पण थोडक्यात. पाळी ताईंची होती. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

दुपारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. खोलीतले पडदे ओढलेले होते. भिंतीवरच्या स्क्रीनचा निळसर उजेड, एसीची घरघर, तापलेल्या धुळीचा वास.

"पहारेकरी गप्प कुणी केला?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मूग गिळून बसलो. तेवढ्यात स्क्रीनवर एक ओळ उमटली.

शेजारी उत्तर देत नाही. एक.

"हा कुठल्या डब्यातला?" साहेब म्हणाले.

मी शोधलं. असा पहारेकरी आमच्याकडे नव्हताच. आणि पहारेकऱ्याला आपल्या डब्याबाहेरचं काही दिसत नाही. मी बंद दाराकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं.

ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जिन्यात त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.

"तूच होतास ना रे...?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी बुटांकडे बघत राहिलो. खिशात फोन थरथरला. तीच ओळ. दोन.

घरी आलो तो थेट माझ्या खोलीत. दिवा लावला नाही. आईला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिने बाहेरूनच विचारलं, "काय झालं रे? ताईंचं काही बिनसलंय का?"

आता मात्र सांगून टाकायचं होतं. खरंच. पण जीभ टाळूला चिकटली... हातातला फोन उजळला. तीन. आणि आपोआप विझला.

बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज आला. शांत, मोकळा.

"चूक माझी होती, आई. ताईंची नाही. साहेबांना आत्ताच फोन करून सांगतो."

"बरं केलंस," आई म्हणाली. "सांग, आणि मग जेवायला बस."

मी हाक मारली. आवाज निघाला नाही.

दाराच्या फटीतून ती दोघं जेवताना दिसली. तो तिला ताईंविषयी सांगत होता, मी कधी बोललो नाही इतक्या मायेनं. मी परत खुर्चीत येऊन बसलो.

जेवणं झाल्यावर आई आत आली. दिवा लावला, त्याच्या शर्टाची घडी माझ्या मांडीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.