माझ्या आवाजातली हाक

त्या मंगळवारी मी हसनाबादला होतो. मग जालन्याच्या दवाखान्यात माझ्या आवाजात मल्हारीदादाला कुणी हाक मारली?

हा सवाल मी डॉक्टर मॅडमला केला, त्यांच्या बद्रीनाथला केला, पंचनाम्याला आलेल्या जमादाराला केला. मायलाही केला. कुणी उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका, नुसतं ऐका. कंदील तुमच्याकडं सरकवतो. लाईट यायला अजून तासभर तरी आहे.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव केदारखेडा, घरची चाळीस मेंढरं. बाप मी रांगत असतानाच गेला, त्यामुळं मला बाप म्हणजे दादाच. बियाणाच्या हंगामात तो नवीन जालन्याला एका गोदामात पोती शिवायला जायचा. एका साली तिथून परत आला तो गप्प. मेंढरांमागं बसल्या बसल्या मान कलती करून काहीतरी ऐकत राहायचा.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "एक माणूस बोलून राह्यतो, मच्छ्या. मी काय करतो ते सांगतो. आता उठला. आता पाणी पेला. आता त्याचा भाऊ आला."

"शिव्या देतो का?"

"देतो कधी कधी. शिव्यांचं काई न्हाई. पण तो थांबतच न्हाई."

मायनं आधी देवऋषी केला. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. अंगात जे असेल त्याला विचारायचं, बाबा, तुला काय पाहिजे? ते कोंबडं मागतं, नारळ मागतं, कुठं बसायला जागा मागतं. मागितलेलं द्यायचं, मग ते जातं. दादाच्या वेळी देवऋषी सकाळपासून दुपारपर्यंत विचारत राहिला. त्या माणसानं काही मागितलं नाही. दादा मधेच हसला आणि म्हणाला, "तो म्हणतो, हा बाबा घामानं भिजला."

मग जालन्याचा दवाखाना. गोळ्यांनी झोप यायला लागली, हाताचा कंप वाढला, तो बोलणारा माणूस तेवढा कानात राहिला. दोन हजार आठ साली त्या दवाखान्यात पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांच्याकडं एक यंत्र होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा बांधायचा, त्याची तार कॉम्प्युटरला. चष्मा लावला की माणूस दुसऱ्याच खोलीत जाऊन बसतो आणि समोर कुणीतरी येतं. मॅडम म्हणाल्या, "जो आवाज तुम्हाला ऐकू येतो, त्याला आपण चेहरा देऊ. मग त्याच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकू. भीती कमी झाली की आवाजही कमी होतो."

दवाखाना बियाणाच्या दुकानावर होता, माडीवर. खिडक्यांना काळं कापड. भर दुपारी आत गेलं तरी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार, आणि खालून बियाणाला लावायच्या औषधाचा वास. तो वास अजून माझ्या शर्टाला येतो. माय म्हणते, येत नाही.

चेहरा करायला अख्खा दिवस लागला. कॉम्प्युटर चालवायला बद्रीनाथ. तो नाकं दाखवायचा, डोळे दाखवायचा, दादा निवडायचा. कपाळ रुंद. केस नाहीत. ओठ पातळ. बद्रीनाथ कानांवर आला.

"कान नको," दादा म्हणाला.

"अहो, कान सगळ्यांना असतात, मल्हारीभाऊ."

"त्याला न्हाईत. तो कुणाचं ऐकत न्हाई. बोलतोच नुसता."

बद्रीनाथनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे. असा तो बिनकानाचा चेहरा झाला.

आता त्या चेहऱ्याच्या मागून बोलायला माणूस पाहिजे. आधी मॅडमच आतल्या खोलीत माईक घेऊन बसल्या. कॉम्प्युटर त्यांचा आवाज बदलून जाड बाप्याचा करायचा. पण बोलणं पुण्याचं. दादा चष्म्यातच खो खो हसला. "हा तर पोस्टातला सायब बोलून राह्यला!" मग मॅडम माझ्याकडं वळल्या.

"तू बोलशील? तुमची भाषा तुलाच येते. मी सांगेन तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही."

मी चौथी शिकलेला. त्यांनी लिहून दिलेलं मला वाचता येईना. मग त्या म्हणायच्या आणि मी पाठ करायचो. दादाला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवशी चष्मा काढून म्हणाला, "मच्छ्या, तुझा आवाज घसा बसलेल्या बोकडावानी येतो." बसमध्ये आम्ही दोघं हसत घरी आलो. किती महिन्यांनी हसलो होतो.

आठवड्यातून एक दिवस जायचं. मी आतल्या खोलीतून बोलायचो, "आता उठला. आता पाणी पेला." चौथ्या खेपेला दादा म्हणाला, "मी पाणी पेलो ते मला दिसून राह्यलं. तू कशाला सांगतो?" मॅडम आमच्या मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

सहाव्या खेपेला त्यांनी मला पाठ करून दिलं ते असं, "तू मोठा झालास. आता मी कमी येईन." एवढंच बोलायचं.

मी ते बोललो.  दादाचा श्वास तेवढा माझ्या कानातल्या यंत्रात येत होता. आणि माझ्या डोक्यात आलं, असं कोण जातं? हात हलवत, काही न घेता? देवऋषीनं दुपारपर्यंत विचारलं तेव्हा यानं काही मागितलं नाही, म्हणूनच गेला नाही. आता त्याचं तोंड माझ्या हातात आहे. त्याच्या वतीनं मीच मागतो, दादा देईल, आणि हा कायमचा जाईल. मला पहिल्यापासून विचार करायची सवय नाही. मी माईकचं बोलायचं लाल बटण दाबलं.

"मी जातो. पण मला जागा दे."

मधल्या दारातून मॅडमनं मान हलवली, नको नको.

"कोणाची जागा?" दादा म्हणाला.

त्याच्यावरचं माझ्यावर यावं, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशप्पथ एवढंच. मी म्हणालो, "मच्छिंद्रची. तुझ्या भावाची जागा मला दे. मंग तुला सोडतो."

 खाली दुकानात कुणीतरी पोतं आपटलं. मग दादा अगदी हळू बोलला. चष्मा लावलेला असताना त्यानं माझं नाव कधीच घेतलं नव्हतं.

"मच्छ्या... असं म्हणू नको रे. त्याला कान उगवले. तो ऐकून राह्यला..."

मॅडमनं माईकची तार उपसली. मला खूप बोलल्या. बद्रीनाथ पडद्याकडं बघत होता. तो म्हणाला, "मी कान लावले न्हाईत, मॅडम. मी कशालाच हात लावला न्हाई." आणि त्यानं पडदा बंद केला. मला तो चेहरा पाहू दिला नाही.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला.

खरंच बंद झाला. दादा मेंढरं कातरायला बसला, एका दिवसात अकरा कातरली. भाकरी मागून खाल्ली. मला म्हणाला, "गप झालं रे सगळं. कानातलं पाणी निघाल्यावर कसं वाटतं, तसं." माय रानातून येताना गाणं म्हणत आली. मी मनात म्हटलं, मॅडमपेक्षा मलाच जास्त कळतं.

फक्त एका दुपारी दादा गोठ्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "मघा तू हाक मारली का?"

"न्हाई."

"बरं," म्हणाला, आणि परत आत गेला. मी तेव्हाच त्याचा हात धरायला पाहिजे होता.

पुढचा मंगळवार शेवटच्या खेपेचा होता. मेंढरांचं औषध आणायला मी सकाळी हसनाबादला गेलो. तिथून सरळ जालन्याला येतो, तू पुढं हो, असं दादाला सांगून गेलो. येताना जीपचं चाक पंक्चर झालं, बरोबरचं जादा चाकही हवा नसलेलं निघालं. दवाखान्याची माडी चढलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

बद्रीनाथ दारात होता. मला बघून म्हणाला, "काय विसरलं?"

"कुठं काय? आत्ता तर येऊन राह्यलो. दादा कुठंय?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "मच्छिंद्र, मस्करी करू नको. आत्ता तर तू त्याला घेऊन गेलास."

मॅडम चष्म्याची तार गुंडाळत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. मी आलो नाही म्हणून त्या आजची खेप रद्द करणार होत्या. दादा चष्मा लावून नुसता बसला होता. तेवढ्यात आवाज आला. त्यांना वाटलं, मी मागच्या जिन्यानं येऊन आतल्या खोलीत बसलो. आवाज जाड झालेला नव्हता, माझा होता तसाच. दादानं चष्मा काढला, तोंडभर हसला, म्हणाला, "मच्छ्या आला. जातो मी." जिन्यावर दोघांच्या चपला वाजल्या.

आतल्या खोलीत मी गेलो. मागच्या आठवड्यात उपसलेली माईकची तार टेबलावर तशीच होती. कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यावर धूळ होती.

"मंग कोण बोललं, मॅडम?"

त्या तार गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाली तर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या.

बद्रीनाथनं मला त्या खेपेचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी नुसती खरखर. मग मी.

"दादा, चल. मेंढरं एकटी हायत."

"मच्छ्या? आलास का?"

"आलो. चष्मा काढ. घरी जाऊ..."

माईकवर मी त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं. मॅडमची सक्त ताकीद होती. तो चेहरा त्याला कायम मल्हारी म्हणायचा. दादा म्हणायचा हक्क फक्त माझा, आणि तो मीच देऊन बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दादा पूर्णेच्या डोहात सापडला, गावाच्या खालच्या अंगाला. नदीवर धुणं धुणारी द्वारकाबाई सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मंगळवारी दिवस बुडायला तुम्हा दोघा भावांना पाह्यलं की मी. हात धरून चालला होतात. मी म्हणलं, बरा झाला वाटतं मल्हारी."

माय तेव्हा तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी जीपवाल्याला आणलं, औषधाची चिठ्ठी दाखवली. माय म्हणाली, "मला माहीत हाय रे, तू नव्हतास." पण आता मी बाहेरून "माय" म्हणून हाक मारली की ती ओ देत नाही. उठून दारात येते, आधी माझं तोंड बघते, माझे पाय बघते, मग आत वळते. मी तिला दोष देत नाही. मी हाका मारायचंच सोडलं आहे. आलो की कडी वाजवतो.

मॅडम पुण्याला निघून गेल्या. यंत्रही गेलं.

आमच्यात बिनलग्नाचा गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवून देव्हाऱ्यात बसवायची, म्हणजे तो भटकत नाही. मी दादाचा पासपोर्टच्या मापाचा फोटो घेऊन भोकरदनच्या सोनाराकडं गेलो. म्हातारा सोनार, सगळं हातानं करणारा.

"एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "कान करू नका."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बिनकानाचा टाक? पोरा, तुम्ही देव्हाऱ्यासमोर बोलणार, ते त्यानं ऐकायचं कशानं?"

"त्यानं लई ऐकलं," मी म्हणालो. "आता बास."

म्हाताऱ्यानं फोटो डबीत ठेवला. आठ दिवसांनी या म्हणाला.

आठ दिवसांनी गेलो. त्यानं लाल कागदाची पुडी सोडली. दादाच होता. तेच कपाळ, डोक्याला फेटा, हातात काठी. आणि दोन्ही बाजूंना कान. मोठे, मूर्तीला न शोभणारे, जणू दादा मान कलती करून ऐकतोय.

"कान कशाला केले?"

"घ्या! परवा तुम्हीच फोन केला की. म्हणालात, कान करा, चांगले मोठे करा. मी म्हणलं, आधी तर नको म्हणत होता."

"माझ्याकडं फोन न्हाई, बाबा."

"आता ते मला काय माहीत? आवाज तुमचाच होता." त्यानं लाल कागदाची घडी घातली. "दादाला ऐकू आलं पाह्यजे, असं म्हणालात. रडत होता तुम्ही."

मी त्याच्याकडं कानस मागितली. तो म्हणाला, मी करून देतो, चांदी फाटेल. मी म्हणालो, न्हाई, हे मलाच करायचं. त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसलो, दादाला डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि आधी एक कान घासला, मग दुसरा. चांदी मऊ असते. वेळ लागला नाही. कानशीचा आवाज मात्र फार होता. तो संपेपर्यंत मी तोंडानं एक शब्द काढला नाही. दादाच्या जवळ मला बोलायचं नव्हतं. दोन्ही बाजू अंगठ्यानं चाचपून पाहिल्या. कुठं काही राहिलं नव्हतं.

आता त्याला कुणी हाक मारली तरी ऐकू जायची नाही. माझीसुद्धा.