मागून हाक

रेणापूरला ईश्वरप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, मागं घर. त्यांची मुलगी सुकन्या अंतराळयानातून परत येणार होती, म्हणून लातूरच्या दैनिकासाठी मी दुपारीच तिथं जाऊन बसलो. गल्लीतली माणसं टीव्हीसमोर दाटली होती.

"दयानंदराव, एवढ्या वेगातल्या यानाला ब्रेक कुठं असतो?" ईश्वरप्पांनी मला विचारलं.

ब्रेक नसतो, मी सांगितलं. यान पाठमोरं वळतं आणि ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला रॉकेटची आग सोडतं. त्या उलट्या धक्क्यानं वेग उतरतो, मगच ते पृथ्वीकडे येतं.

"सायकलला ब्रेक होता तरी पोरगी पाय घासत थांबायची," ईश्वरप्पा हसले. "दर म्हयन्याला नव्या चपला मीच घ्यायचो."

"आन् रॉकेट न्हाई पेटलं तर?" सुकन्याच्या आईनं, नागम्मांनी विचारलं.

मी समोरचं पाणी प्यायलो.

ठरलेली वेळ आली. पडद्यावरचा वेगाचा आकडा हलला नाही. निवेदिका म्हणाली, रॉकेट पेटल्याचा संकेत मिळालेला नाही, पुन्हा प्रयत्न चालू आहे. आकडा तोच.

नागम्मा उठल्या. दुकानातून पुढं गेल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी दुकानापर्यंत त्यांच्या मागं गेलो. सुकन्या याच गल्लीतून गेली होती.

"सुकन्या! थांब गं!"

घर दचकलं. आमच्या भागात, घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. चुकून मारलीच, तर त्यानं परतायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. आणि हाक मारणारा 'ये जाऊन' म्हणाला की मगच निघायचं.

"येडी झालीस का? पोरगी वाटंत हाय अन् मागून हाका मारून राहिलीस?" ईश्वरप्पा ओरडले.

नागम्मांनी पुन्हा हाक मारली.

दुकानात दोरीला टांगलेल्या पळ्या आणि झारे किणकिणले. मग आवाज थांबला. सगळे पळ्या-झारे घराच्या बाजूला कलले होते आणि तसेच तिरपे राहिले.

वारा नव्हता.

आत टाळ्या वाजल्या. आकडा उतरत होता.

यान सुखरूप उतरलं. दुसऱ्या प्रयत्नात रॉकेट पेटलं, अशी बातमी मी दिली. पुढं मोहिमेतल्या एका अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, रॉकेट पेटलंच नव्हतं. इंधन जागच्या जागी होतं.

"मग वेग कशानं उतरला?"

"ते छापू नका," तो म्हणाला.

तपासण्या संपवून सुकन्या घरी आली, तेव्हा मी मुलाखतीला गेलो. चांगली दिसत होती. चहा झाल्यावर आईकडे बघत हळूच म्हणाली, "काका, अव्वाला सांगा ना. कामावर हजर व्हायचंय मला. 'ये जाऊन' म्हणतच न्हाई ती."

नागम्मा मागच्या दाराशी तांब्या घेऊन बसल्या होत्या. "जाशील की. पाणी पी."

"किती पिऊ, अव्वा? आल्यापासून पाणीच पिऊन राहिले."

"म्हणा की एकदा, वहिनी," मी म्हणालो.

"म्हटलं तर जाईल ती," नागम्मा म्हणाल्या.

आईची माया, दुसरं काय. मी वही मिटली. "चल, स्टँडपर्यंत सोड मला," सुकन्याला म्हणालो. ती लगेच उठली. दुकानातून आम्ही बरोबरच चालत आलो. मी पायरी उतरलो आणि मागं वळून पाहिलं.

ती उंबऱ्यावरच होती. सोसाट्याच्या वाऱ्यात चालावं तशी पुढं झुकलेली, दात आवळलेले. तिच्या ओढणीचं टोक मागं, घराकडे, ताठ ताणलं गेलं होतं.

आत, दूर, नागम्मांचे दोन्ही हात तांब्यावर होते.