आंधळं हरीण

बुधवार, १३ डिसेंबर २०२३. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. भोपाळ, साकेत नगर, दवाखान्यामागची दुसरी गल्ली. नरहर पिंपळखुटे याने स्कूटर लावली आणि मंगलावहिनींची बेल वाजवली. काम साधं होतं. एक पितळी बिल्ला न्यायचा होता.

तारीख-वेळ मुद्दाम सांगितली. नंतर कुणी ‘ऐकीव गप्पा’ म्हणायला नको. नरहर आपल्या ओळखीतला माणूस. आणि अद्वैत, गोष्ट ऐकताना आत्तापासूनच हसायचं असेल तर उठून आत जा.

बिल्ला एका स्कॉटिश पलटणीचा, टोपीवर लावायचा. त्यावर शिंगांसकट हरणाचं डोकं. गोरे शिपाई आपल्याच बिल्ल्याला ‘आंधळा’ म्हणायचे. का म्हणायचे, यावर नरहर आणि गजानन या दोन मित्रांचं तीस वर्षं भांडण. दोघंही नागपूरकडचे, एकाच कारखान्यात ड्राफ्ट्समन, दोघांनाही जुने बिल्ले जमवायचा नाद. १९८६ साली सीहोरच्या एका भंगारवाल्याकडे असे दोन बिल्ले निघाले. नरहरने आधी हात घातला आणि ठसठशीत डोळ्यांचा उचलला. झिजलेला, डोळेच नसलेला गजाननच्या वाट्याला आला.

नरहर फसला तो तिथंच. गजाननने त्या झिजक्या बिल्ल्यावरूनच नावाचं मूळ शोधलं. शिपाई रोज परेडआधी बिल्ला घासायचे. वर्षानुवर्षं घासून हरणाचे डोळे जायचे. म्हणून आंधळा. नरहर म्हणायचा, छे, पलटण धुक्यातल्या चकमकीत वाट चुकली होती म्हणून. त्याच्याकडे पुरावा काही नव्हता. लेख छापले ते गजाननचे, शाली मिळाल्या त्या गजाननला. नरहर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

ऑगस्टमध्ये गजानन गेला. आता जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात दोन्ही बिल्ले मांडायचे होते.

मंगलावहिनींनी, गजाननच्या पत्नीने, डबी दिली. सोबत बिल्ल्याखाली लावायचं, घासण्याची हकीकत सांगणारं, गजाननच्या अक्षरातलं कार्ड. “भाऊजी, हे लावाल ना? त्यांचं एवढंच राहिलंय.”

“वहिनी, हे काय विचारणं झालं?”

“विचारते, कारण ते म्हणायचे, नरू एक वेळ माझा बिल्ला घेईल, पण माझं म्हणणं घेणार नाही.”

नरहर हसला. डबी खिशात घातली.

बाग सेवनियाच्या घरात तो एकटाच. बायको सिंधू मुलीकडे नागपूरला गेलेली. पावणेबाराला त्याने कार्ड फाडलं. चार तुकडे. नवं लिहिलं: ‘आंधळा. नावामागे धुक्यातली चकमक. संशोधन: नरहर पिंपळखुटे.’ गजाननचा बिल्ला टेबलाच्या खणात टाकला. मिळालाच नाही म्हणून मंडळाला सांगायचं ठरवलं. स्वतःचा डबीत ठेवला. त्याच्या पाठीवर त्याने कधीकाळी ‘न’ कोरला होता. डबी लोखंडी कपाटात. कुलूप. किल्ली उशीखाली.

जमवणारे लोक जुना बिल्ला घासत नाहीत. घासला की मातीमोल. सदतीस वर्षांत नरहरने त्याला फडकंसुद्धा लावलं नव्हतं.

एक वाजून वीस मिनिटं.

घस... घस... घस...

उंदीर असेल. त्याने कूस बदलली.

घस... घस...

आवाज कपाटातून येत होता.

मग वास आला. पितळेच्या पॉलिशचा. घरात पॉलिश नव्हतं.

कुणीतरी खाकरलं. दोनदा. समोरच्याचं म्हणणं खोडून काढण्याआधी गजानन असाच खाकरायचा. दोनदा.

“गज्या...?”

आवाज थांबला.

“गज्या, अरे, मी फक्त एकदा...”

...

घस. घस. घस.

पहाटे पाचला थांबलं. नरहर बसूनच होता. किल्ली मुठीत.

सकाळी हॉलवर मंडळाच्या अनिकेतने डबी उघडली. “काका, ये तो गजाननकाकांचावाला है ना? तुमच्याला तर डोळे होते.”

नरहरने बिल्ला उलटा केला. पाठीवर ‘न’.

पुन्हा सुलटा केला. हरणाचा चेहरा गुळगुळीत.

तो तसाच घरी गेला. गजाननचा बिल्ला खणात होता तसाच होता. तो घेऊन आला. टेबलाशी बसून त्याने तिसरं कार्ड लिहिलं, गजाननच्या शब्दांत, खाली गजाननचं नाव. अक्षर वाचता आलं, एवढंच.

मनाचे खेळ म्हणता? मंडळाच्या २०२१ च्या स्मरणिकेत नरहरच्या बिल्ल्याचा फोटो आहे, डोळे स्पष्ट. इतवारा भागातल्या पितळेच्या कारागिराला बिल्ला दाखवला. तो म्हणाला, कानस नाही लावलेली. कापडाने घासलाय. रोज घासला तरी वीस वर्षं लागतील.

पावणेबारा ते पाच, कपाट बंद होतं सव्वापाच तास.